पोटाला मार लागलेला रुग्ण: हाताने काय बघायचं, कोणती तपासणी कधी करायची

पोटाच्या दुखापतीत कॅज्युअल्टीतला बराच वेळ एका प्रश्नापायी जातो: आत नेमकं फाटलंय काय? प्लीहा, यकृत की आतडं? पहिल्या अर्ध्या तासात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. तेव्हा दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. पोटात रक्तस्राव चालू आहे का, आणि रुग्ण तो सोसू शकतोय का. कोणती तपासणी करायची, कोणती टाळायची, थेट ओटीत (ऑपरेशन थिएटरात) न्यायचं की गाडीत घालून पुढे पाठवायचं, हे सगळं या दोन उत्तरांवर ठरतं. कोणता अवयव फाटलाय हे पोट उघडल्यावर किंवा सीटी स्कॅनवर कळतंच.

हा लेख ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारी, इंटर्न आणि सर्जरीचे नवे निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. समोर धरलेला रुग्ण आपल्याकडचा नेहमीचाच: ऊसतोडीच्या हंगामात, रात्री, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर मोटारसायकल घेऊन आदळलेला तरुण. शुद्धीवर आहे, बोलतोय, "पोटात दुखतंय" म्हणतोय, आणि सोबतचे नातेवाईक त्याच्या मोडलेल्या मनगटाकडे बघतायत.

पोट कुठून कुठपर्यंत

पोट म्हणजे बरगड्यांच्या खालचा मऊ भाग, अशी समजूत ठेवून तपासलं की चुकतं. श्वास सोडताना श्वासपटल छातीत चौथ्या बरगडीच्या अंतरापर्यंत वर चढतं. त्यामुळे स्तनाग्रांच्या रेषेपासून खाली जिथे जखम किंवा मुका मार असेल, तिथे पोटही दुखावलं असू शकतं असं धरा. डावीकडच्या खालच्या बरगड्या मोडल्या असतील तर प्लीहा, उजवीकडच्या मोडल्या असतील तर यकृत. खालची हद्द जांघेपर्यंत, आणि कूस, पाठ, नितंब, ओटीपोटाचा हाडांचा कडा हे सगळं त्यातच आलं.

आणखी एक कप्पा विसरला जातो: पोटाच्या पडद्यामागची जागा. मूत्रपिंडं, स्वादुपिंड, ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा, बराच भाग, मोठ्या आतड्याचे चढते-उतरते भाग आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिथे असतात. तिथला रक्तस्राव हाताला लागत नाही आणि फास्टमध्येही (खाटेशी केलेल्या झटपट सोनोग्राफीत) दिसत नाही. ओटीपोटाचं हाड मोडलं तर याच भागात लिटरभराहून जास्त रक्त साचतं आणि पुढून पोट मऊच राहतं.

मार कसा बसला, हे आधी विचारा

रुग्णाला आणणाऱ्या १०८ च्या डॉक्टरला किंवा गाववाल्याला सोडण्याआधी दोन मिनिटं बोलून घ्या. एकदा ती गाडी गेली की ही माहितीही गेली. वेग किती होता, हेल्मेट होतं का, माणूस गाडीवरून उडाला की गाडीखाली सापडला, बाहेर काढायला किती वेळ लागला, सोबतचं कोणी जागीच गेलं का, वाटेत बीपी किती होतं.

मुक्या मारात सर्वांत जास्त दुखावतात ती प्लीहा आणि यकृत. पण माराच्या पद्धतीवरून संशयाची दिशा बदलते. चारचाकीतल्या माणसाच्या पोटावर सीटबेल्टचा आडवा वळ दिसला, तर लहान आतडं, त्याला धरून ठेवणारी मेझेंटरी आणि कमरेचा मणका या तिन्हींचा विचार करा. सायकलचं हँडल मुलाच्या बेंबीच्या वर घुसलं असेल तर स्वादुपिंड आणि ड्युओडेनम. नारळाच्या, आंब्याच्या झाडावरून पडलेल्याला मणका, ओटीपोटाचं हाड आणि प्लीहा. ट्रॉलीचं चाक पोटावरून गेलं असेल तर श्वासपटल फाटून पोटातले अवयव छातीत चढलेले असू शकतात. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात आधीच वाढलेली प्लीहा किरकोळ धक्क्यानेही फुटते, त्यामुळे "जरासंच पडला" या वाक्यावर तिथे विश्वास ठेवू नये.

सोबत एवढं विचारा: शेवटचं जेवण कधी, दारू घेतली आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, आधी कोणतं ऑपरेशन झालंय का. बाई असेल तर शेवटची पाळी कधी आली.

पहिली दहा मिनिटं

क्रम तोच: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. मानेची काळजी घेत श्वासमार्ग मोकळा आहे ना बघा, ऑक्सिजन लावा, छाती दोन्ही बाजूंना ऐका. पोटाचा नंबर रक्ताभिसरणात लागतो, तोही 'रक्त कुठे जातंय' या प्रश्नाच्या रूपात. मोठा रक्तस्राव लपायला जागा मोजक्याच: बाहेर जमिनीवर, छातीत, पोटात, ओटीपोटाच्या हाडाभोवती आणि मांडीच्या हाडाभोवती. एकेक जागा तपासून बाजूला काढत जा.

बीपी चांगलं दिसतंय यावर निर्धास्त होऊ नका. धडधाकट तरुणाचं सिस्टॉलिक (वरचं बीपी) सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतं. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, श्वासाचा वेग वाढतो, माणूस अस्वस्थ होतो, पाणी मागतो. हिशेब सोपा आहे: नाडीला सिस्टॉलिकने भागा. उत्तर ०.९ च्या वर गेलं की गंभीर. नाडी ११०, सिस्टॉलिक ११० असलेला मुलगा कागदावर ठीक दिसतो, पण तो ठीक नाही.

दोन्ही हातांना जाड व्हेनफ्लॉन (शिरेत घालायची नळी) घाला, हिरवा १८ किंवा करडा १६. निळ्या, बारीक २२ नंबरमधून जीव वाचवण्याइतकं रक्त चढत नाही. पायाच्या शिरेत सुई घालू नका, कारण पोटातली मोठी शीर फाटली असेल तर वरून दिलेलं तिथेच गळून जाईल. सुई घालतानाच ग्रुप आणि क्रॉसमॅचसाठी रक्त काढून घ्या.

सलाईनच्या बाबतीत हात आखडता हवा. प्रौढाला गरम केलेलं एक लिटर सलाईन (आरएल किंवा एनएस) पुरे, त्यानंतर रक्त. बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या की रक्त पातळ होतं, रुग्ण गार पडतो, गुठळी धरत नाही आणि बीपी वाढल्याने धरलेली गुठळीही सुटते. रक्तस्राव थांबवेपर्यंत सिस्टॉलिक ८० ते ९० ठेवणं चालतं. अपवाद डोक्याला मार लागलेल्यांचा. त्यांच्या मेंदूला कमी बीपी परवडत नाही, तिथे ११० च्या आसपास ठेवा. मनगट मोडलेला आपला तरुण हेल्मेटशिवाय आला असेल, तर हा अपवाद त्यालाच लागू आहे.

रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम, १०० मिली एनएसमध्ये घालून १० मिनिटांत, मग आणखी १ ग्रॅम ८ तासांत. क्रॅश-२ ही वीस हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात याने मृत्यू कमी होतात हे दिसलं. अट एकच: अपघातानंतर तीन तासांच्या आत. उशिरा सुरू केलं तर फायदा नाही, उलट अपायाची शक्यता. हे औषध स्वस्त आहे आणि प्रसूती कक्षात असतंच. तिथून मागवा.

ओटीपोटाचं हाड मोडल्याचा संशय असेल तर चादर घडी करून दोन्ही मांड्यांच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यांच्या पातळीवर घट्ट आवळा. कमरेवर बांधलेल्या चादरीचा उपयोग नाही. हाड हलतंय का हे बघायला ते दाबून, उघडून बघू नका. धरलेली गुठळी त्यानेच फुटते.

हाताने तपासणी

कपडे पूर्ण काढा. हिवाळ्यात रुग्ण कुडकुडतो म्हणून कपडे अंगावर ठेवण्याऐवजी बघून झालं की लगेच ब्लँकेट घाला. पुढून बघा, मग तीन-चार जणांनी मिळून सरळ रेषेत वळवून पाठ, कूस, नितंब बघा. भोसकल्याची जखम पाठीमागे निघते आणि सगळे पुढच्या खरचटण्यावर ड्रेसिंग करत बसलेले असतात, असं व्हायला वेळ लागत नाही. टायरचे वळ, सीटबेल्टचा पट्टा, हँडलच्या टोकाचा गोल ठसा लिहून ठेवा, शक्य असेल तर आकृती काढा. बेंबीभोवती किंवा कुशीत निळसरपणा यायला तास किंवा दिवस लागतात, त्यामुळे तो नाही याचा पहिल्या तपासणीत काहीच अर्थ लावता येत नाही.

दुखतं तिथून सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून हात लावायला सुरुवात करा आणि बोलत बोलत दाबा. रुग्ण मुद्दाम आवळतोय की पोट आपोआप कडक होतंय, हा फरक गप्पा मारताना कळतो. ठोकून दुखतं का ते पाहिलं तरी पडद्याचा दाह कळतो. हात दाबून झटकन सोडण्याची परीक्षा करून रुग्णाला किंचाळायला लावायची गरज नाही. डाव्या खांद्याला इजा नसताना तिथे दुखतंय असं तो म्हणाला, तर श्वासपटलाखाली रक्त साचलंय, बहुधा प्लीहेचं.

आता काही प्रथांविषयी. टेपने पोटाचा घेर मोजून दर तासाला लिहिण्याची पद्धत बऱ्याच वॉर्डांत आहे. त्यावर विसंबू नये. घेर दिसण्याइतका वाढेपर्यंत पोटात काही लिटर रक्त मावतं आणि तोवर नाडीने सगळं सांगून झालेलं असतं. आतड्यांचे आवाज ऐकत बसण्यातही फार हाती लागत नाही. आवाज आहेत म्हणून दुखापत नाही असं होत नाही.

"पोट मऊ आहे" या नोंदीने खूप जणांचा घात केलाय. पोटात लिटरभर ताजं रक्त असताना पोट मऊ असू शकतं. रक्त पडद्याला फारसं चिडवत नाही, चिडवतात ते आम्ल, पित्त आणि विष्ठा. दारू प्यालेला, डोक्याला मार लागलेला, मणका मोडल्याने कमरेखाली संवेदना नसलेला, किंवा मांडीचं हाड मोडून तिथल्या वेदनेने पोट विसरलेला रुग्ण असेल तर हाताच्या तपासणीवर भरवसा ठेवताच येत नाही. अशांना फास्ट आणि सीटीची गरज जास्त.

वेदनाशामक दिलं तर लक्षणं झाकली जातील, ही भीती जुनी आहे. मोजून, शिरेतून दिलेल्या ओपिऑइडने (मॉर्फिनसारख्या औषधाने) निदान बिघडत नाही. उलट शांत झालेला रुग्ण नीट तपासता येतो. डायक्लोफेनॅक मात्र रक्तस्रावाच्या संशयात टाळा.

गुदद्वाराची तपासणी सर्वांना नको. ओटीपोटाचं हाड मोडलेलं, मणक्याची शंका, किंवा खालच्या भागात भोसकलेलं असेल तेव्हा करा: रक्त, हाडाचा तुकडा, स्नायूची पकड. बाईला ओटीपोटाचं हाड मोडलं असेल तर योनीमार्गात जखम आहे का हेही बघायला हवं.

नळ्या घालताना

नाकातून जठरात घातलेल्या रायल्स ट्यूबने पोट रिकामं होतं आणि नळीतून रक्त आलं तर तीही माहिती. चेहऱ्याची हाडं किंवा कवटीचा तळ मोडल्याचा संशय असेल तर नाकाऐवजी तोंडातून घाला.

फोलीजच्या (लघवीच्या नळीच्या) आधी जननेंद्रियाच्या टोकाशी रक्त, वृषणकोशात किंवा मांड्यांच्या मध्ये काळंनिळं, असं काही दिसतंय का पाहा. दिसलं तर नळी ढकलू नका. अर्धवट तुटलेली मूत्रनलिका (युरेथ्रा) तुमच्या हाताने पूर्ण तुटेल. तिथे आधी कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) भरून मूत्रनलिकेचा एक्स-रे. लघवी लाल आली तर मूत्रपिंड किंवा मूत्राशय, आणि ओटीपोटाच्या मोडलेल्या हाडासोबत लाल लघवी असेल तर मूत्राशय फाटलंय असं धरून त्याची वेगळी तपासणी करायलाच हवी.

एक छोटी युक्ती: फास्ट करायचं असेल तर फोलीज त्यानंतर घाला. भरलेलं मूत्राशय ही ओटीपोटात बघायची खिडकी आहे.

फास्ट: चार खिडक्या, एकच प्रश्न

फास्ट म्हणजे पूर्ण सोनोग्राफी नव्हे. अवयव कसा आहे, किती फाटलाय, हे त्यात बघायचंच नसतं. नको तिथे काळा द्रव आहे का, एवढंच. रुग्णाच्या खाटेशी, दोन-तीन मिनिटांत, उपचार चालू असतानाच.

पोटाचा वक्र प्रोब घ्या. पहिली खिडकी उजवीकडे, मधल्या काखेच्या रेषेत, आठव्या ते अकराव्या बरगडीच्या आसपास: यकृत आणि उजवं मूत्रपिंड यांच्या मधली फट. झोपलेल्या माणसात द्रव सर्वांत आधी इथे दिसण्याची शक्यता असते. नवशिके मधली फट बघून पुढे जातात. यकृताचं खालचं टोक पूर्ण दिसेपर्यंत प्रोब खाली सरकवा, कारण थोडंसं रक्त आधी त्या टोकाशी जमतं. टेबलाचं डोकं जरा खाली केलं तर इथे द्रव आणखी स्पष्ट होतो.

दुसरी डावीकडे, आणि ती अवघड. प्रोब उजवीकडच्यापेक्षा जास्त वर आणि जास्त मागे, इतकं मागे की हात खाटेला टेकतो. इथे रक्त आधी प्लीहा आणि श्वासपटल यांच्या मध्ये जमतं, प्लीहा आणि मूत्रपिंडाच्या मध्ये नंतर. त्यामुळे श्वासपटल दिसल्याशिवाय ही बाजू 'नाही' म्हणून लिहू नका.

तिसरी जघनास्थीच्या वर, आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी. पुरुषात मूत्राशयाच्या मागे, बाईत गर्भाशयाच्या मागे. चौथी छातीच्या हाडाच्या टोकाखालून वर, हृदयाभोवती द्रव आहे का बघायला. हात बसला की दोन्ही छात्यांवरही प्रोब फिरवा: फुप्फुस सरकताना दिसतंय का, खाली द्रव साचलाय का.

साधारण २०० मिलीच्या आसपास द्रव असला तर फास्टमध्ये दिसतो. त्याहून कमी असेल, किंवा रुग्णाला आणून दहाच मिनिटं झाली असतील, तर पहिलं फास्ट कोरं येऊ शकतं. म्हणून अर्ध्या तासाने, आणि बीपी घसरलं तर लगेच, पुन्हा करा. फाटलेलं आतडं, पडद्यामागचं रक्त, श्वासपटलाचं भोक यांबद्दल फास्ट काही सांगत नाही. जलोदर असलेल्या यकृताच्या रुग्णात किंवा मूत्राशय फाटलेल्यात काळा द्रव दिसतो पण तो रक्त नसतो. पोटात वायू भरलेला, खूप स्थूल, किंवा त्वचेखाली हवा शिरलेला रुग्ण असेल तर चित्रच मिळत नाही. अशा वेळी 'निगेटिव्ह' न लिहिता 'नीट दिसलं नाही' असं लिहा.

आपल्याकडे एक अडचण यंत्राची नसून कागदाची आहे. १९९४ च्या लिंगनिवड प्रतिबंध कायद्यामुळे मशीन, जागा आणि ते वापरणारा डॉक्टर यांची नोंदणी लागते, आणि रुग्ण गरोदर असेल तर एफ फॉर्मही भरावा लागतो. परिणामी कित्येक ठिकाणी मशीन सोनोग्राफीच्या खोलीत कुलपात आणि किल्ली रेडिओलॉजिस्टकडे. कायद्याचा हेतू योग्यच आहे. पण कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या डॉक्टरांचं नाव नोंदणीत घालून घेण्याचं काम दिवसाउजेडी, शांतपणे, अपघाताच्या आधी करायचं असतं. त्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांच्या मागे लागावं लागलं तरी लागा.

फास्ट नसेल तर सुई

मशीन नाही, बीपी पडलंय, आणि कारण कळत नाही, अशा वेळी पोट धुवून तपासण्याची जुनी पद्धत आजही कामाला येते. १९६५ मध्ये तिचं वर्णन झालं आणि फास्ट येईपर्यंत तीच मुख्य तपासणी होती. आधी रायल्स आणि फोलीज घाला, मग बेंबीखाली छोटा छेद. गरोदर बाई किंवा ओटीपोटाचं हाड मोडलेलं असेल तर बेंबीच्या वर. कॅथेटरमधून सहज १० मिली रक्त आलं तर पुढे काही मोजायचं नाही, ओटी. नाही आलं तर प्रौढाला एक लिटर कोमट सलाईन आत सोडून परत काढायचं. त्यात घन मिलिमीटरला एक लाखाहून जास्त तांबड्या पेशी, ५०० हून जास्त पांढऱ्या पेशी, जंतू किंवा अन्नाचे कण असतील तर ते सकारात्मक.

चार कोपऱ्यांत सुई टोचून बघण्याची आपल्याकडची आवडती पद्धत त्याहून कच्ची. न गोठणारं रक्त आलं तर खरं, पण कोरडी सुई काहीच सिद्ध करत नाही. ती कोरडी आली म्हणून रुग्णाला वॉर्डात चढवू नका.

रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे

पहिलं हिमोग्लोबिन फसवं असतं. रक्त गेलं तरी उरलेल्याचा घट्टपणा तितकाच राहतो, पातळ व्हायला वेळ किंवा सलाईन लागतं. अपघातानंतर अर्ध्या तासात एचबी १३ आलं, म्हणून कोणी हायसं वाटून घेऊ नये. तो आकडा पुढच्यांशी ताडून बघायला उपयोगी, एवढंच. रक्तवायू तपासणीची सोय असेल तर लॅक्टेट आणि बेस डेफिसिट जास्त खरं बोलतात. लॅक्टेट ४ च्या वर असेल तर बाहेरून शांत दिसणारा रुग्णही आतून शॉकमध्ये आहे.

बाकी नेहमीचं: गट, क्रॉसमॅच, आयएनआर (गुठळी धरण्याची तपासणी), साखर, क्रिएटिनिन, लघवी. पाळीच्या वयातल्या प्रत्येकीची लघवीची गर्भतपासणी, ती काहीही सांगत असली तरी. अमायलेज सुरुवातीला नॉर्मल असलं म्हणून स्वादुपिंड सुटलं असं नाही.

छातीचा आणि ओटीपोटाचा एक्स-रे रुग्ण हलवताना जीव धोक्यात येणार नसेल तर करा. छातीच्या एक्स-रेत रायल्स ट्यूबचं टोक डाव्या छातीत गुंडाळलेलं दिसलं, तर श्वासपटल फाटलंय. श्वासपटलाखालची हवा झोपवून काढलेल्या एक्स-रेत दिसत नाही. बसवता येत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून काढा. पोटाचा साधा एक्स-रे मुक्या मारात फारसं काही देत नाही.

सीटी कोणाचा करायचा

सीटी स्थिर रुग्णाचा. हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण 'स्थिर' या शब्दात पळवाटा निघतात. बाटली जोरात चालू आहे तोवर बीपी टिकतं आणि मंद केली की पडतं, तो रुग्ण स्थिर नाही. सीटीच्या टेबलावर ना तुमचा हात पोटावर असतो, ना ओटी जवळ. बीपी पडलेलं आणि फास्ट सकारात्मक, एवढ्यावर पोट उघडायचं. सीटीच्या चित्राने त्या निर्णयात भर पडत नाही.

स्थिर रुग्णात मात्र सीटीला पर्याय नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन, आर्टिरियल आणि पोर्टल अशा दोन्ही टप्प्यांत. मूत्रमार्गाचा संशय असेल तर उशिराची चित्रंही मागा. तोंडाने कॉन्ट्रास्ट पाजण्यात वेळ घालवायची गरज नाही. जीव धोक्यात असेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठीही थांबू नका.

रिपोर्टमध्ये प्लीहेची किंवा यकृताची ग्रेड एक ते पाच अशी येते आणि नातेवाईक तोच आकडा धरून बसतात. पण ऑपरेशन लागेल की नाही हे मुख्यतः रुग्णाची स्थिती ठरवते. चौथ्या ग्रेडची प्लीहा अतिदक्षता विभागात, रक्त आणि सर्जन हाताशी असताना, ऑपरेशनविना बरी होते. त्याच प्लीहेला घेऊन रात्री रक्तपेढी नसलेल्या गावात थांबणं हा जुगार आहे. कॉन्ट्रास्ट रक्तवाहिनीबाहेर सांडताना दिसतोय असं लिहिलं असेल, तर रक्तवाहिनी आतून बंद करण्याची सोय असलेल्या केंद्राशी लगेच बोला.

एक ओळ डोळ्यांत तेल घालून शोधा: पोटात द्रव आहे पण यकृत-प्लीहा धड आहेत. पुरुषात हा द्रव आतड्याचा किंवा मेझेंटरीचा असण्याची शक्यता गंभीरपणे घ्या. आतड्याचं भोक पहिल्या काही तासांत सीटीलाही चकवतं.

भोसकल्याच्या आणि शिंगाच्या जखमा

आतडं किंवा चरबीचा पडदा बाहेर आला असेल तर आत ढकलू नका. सलाईनने ओल्या केलेल्या निर्जंतुक पॅडने झाका. चाकू, सळई रुतलेली असेल तर ती ओटीतच काढायची. बीपी पडलेलं, पोट कडक, आतडं बाहेर, किंवा गोळी पोटाच्या पोकळीतून गेलेली, यांपैकी काहीही असेल तर चर्चा नाही, पोट उघडायचं.

पुढच्या बाजूने भोसकलेल्यांपैकी ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्यात पडदा भेदलेलाच नसतो. त्यामुळे स्थिर, शुद्धीवर असलेल्या रुग्णात जखम भूल देऊन, चांगल्या प्रकाशात, थोडी मोठी करून तळापर्यंत बघता येते. पुढचं फेशिया (स्नायूंवरचं आवरण) शाबूत असेल तर स्वच्छ करून शिवा. भेदलेलं असेल, किंवा तळ दिसत नसेल, तर सर्जनच्या देखरेखीखाली २४ तास वारंवार तपासणी, किंवा सीटी, किंवा दुर्बिणीने पाहणी. जखमेत बोट किंवा आर्टरी फोर्सेप्स घालून खोली मोजू नका. बरगड्यांवरच्या जखमेत तर मुळीच नको. डाव्या खालच्या छातीवरच्या जखमेत श्वासपटलाचं भोक आज गप्प राहतं आणि काही वर्षांनी त्यातून आतडं वर जाऊन अडकतं, म्हणून तिथे दुर्बिणीची पाहणी उपयोगी.

बैलाने किंवा गव्याने मारलेल्या माणसाची बाहेरची जखम बघून अंदाज बांधू नका. शिंग आत शिरल्यावर जनावर मान झटकतं, त्यामुळे छोट्या तोंडाच्या आत वेगवेगळ्या दिशांना फाटत गेलेले मार्ग असतात, त्यात माती आणि शेणही. धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविकं, आणि ही जखम ओटीतच उघडून बघायची.

ज्यांच्यात नियम बदलतात

मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्या मोडत नाहीत आणि आतला अवयव फाटतो. त्यांचं बीपी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून नाडी आणि केशिका भरण्याचा वेळ बघा. द्रव वजनावर, किलोला १० ते २० मिली, रक्त किलोला १० मिली.

वीस आठवड्यांपुढची गरोदर बाई पाठीवर सपाट झोपली तर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं. तिला डावीकडे १५ ते ३० अंश कलतं करा, मणक्याची शंका असेल तर अख्खा बोर्डच कलवा. गर्भाशय कडक आणि दुखरं असेल तर वार सुटली असं धरा, अंगावरून रक्त जात नसलं तरी. आईसाठी सीटी गरजेचा असेल तर बाळामुळे अडवू नका. आरएच निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी. बाळाच्या ठोक्यांवर किमान चार ते सहा तास लक्ष.

म्हाताऱ्या माणसाला बीपीच्या गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही. सत्तरीतल्या, एरवी सिस्टॉलिक १५० असणाऱ्या आजोबांचं ११० म्हणजे शॉकच.

पुन्हा, त्याच हाताने

पहिली तपासणी एकटी अपुरी असते, तिची किंमत दुसरीशी ताडल्यावर कळते. पहिले काही तास दर अर्ध्या तासाला नाडी, बीपी, श्वास, लघवी. दर एक-दोन तासांनी पोट. शक्यतो तोच डॉक्टर. ड्युटी बदलताना दोघांनी मिळून पोट तपासा, फक्त फाईल हातात देऊन जाऊ नका. लघवी ताशी किलोला अर्ध्या मिलीहून कमी झाली, नाडी चढत गेली, दुखणं एका कोपऱ्यातून सगळीकडे पसरलं, ताप आला, तर निदान बदललेलं आहे. आतड्याची दुखापत बऱ्याचदा सहा ते चोवीस तासांत अशीच उघडी पडते.

पुढे पाठवताना

तुमच्याकडे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त यांपैकी एक जरी नसेल, तर लवकर पाठवा. फक्त रिपोर्ट पूर्ण करण्यासाठी रुग्ण थांबवू नका. सर्जन असेल आणि रुग्ण बुडत असेल, तर दोन तासांच्या रस्त्यावर पाठवण्यापेक्षा पोट उघडून, पॅड कोंबून रक्त थांबवणं आणि मग पाठवणं जास्त शहाणपणाचं. पाठवण्याआधी समोरच्या डॉक्टरशी स्वतः फोनवर बोला. चिठ्ठीत अपघाताची वेळ, पहिलं आणि शेवटचं बीपी, फास्टची वेळ आणि निकाल, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड किती वाजता, सलाईन आणि रक्त किती, आणि पोटाची दोन वेळची तपासणी एवढं असलंच पाहिजे. सोबत क्रॉसमॅचचा नमुना द्या, पुढे वीस मिनिटं वाचतात.

एमएलसीचा (पोलिसांकडे नोंदवायच्या केसचा) कागद उपचाराच्या आड येत नाही. पोलीस येईपर्यंत थांबायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच स्पष्ट केलंय. कपडे कापताना भोकावरून कात्री चालवू नका, ते सुकवून कागदी पिशवीत ठेवा. जखमेची जागा, लांबी, कडा लिहा. कशाने झाली यावर मत देण्याची घाई नको.

चोवीस तास पाहून, पोट शांत, जेवण पचलेलं, एचबी टिकलेलं, असा रुग्ण घरी जाताना घरच्यांना समोर बसवून सांगा: पोटदुखी वाढली, डावा खांदा दुखू लागला, चक्कर आली, उलट्या, ताप, काळी शी किंवा लाल लघवी झाली तर रात्र असली तरी परत यायचं. प्लीहा काही दिवसांनीही फुटते. तोवर दुचाकी, ओझी, कुस्ती, कबड्डी बंद, आणि मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी आणायची नाही.